बारावीनंतर नर्सिंगची पदवी: विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून वाट कशी काढायची

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे गावोगावी दोन-चार घरांत तरी एक वाक्य ऐकू येतं, "पोरीला नर्सिंगला टाकू, नोकरी पक्की." नर्सिंग करायचं हे चांगलंच ठरलं. पण कोणतं नर्सिंग, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. एएनएम, जीएनएम, बीएस्सी, पोस्ट बेसिक ही नावं सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात, त्यांतला फरक फार थोड्यांना ठाऊक असतो. मग जो एजंट आधी घरी पोचतो, त्याच्या कॉलेजात नाव घातलं जातं. सिरोंचा असो, धारणी असो, झरी जामणी असो की संग्रामपूर, सगळीकडे हेच दिसतं. नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवताना मला हे दरवर्षी दिसतं, आणि वाईट याचं वाटतं की जी माहिती जूनमध्ये हवी असते ती या घरांना ऑक्टोबरमध्ये मिळते. तोवर बरीचशी दारं बंद झालेली असतात.

म्हणून हा लेख मी क्रमाने लिहिते आहे. दहावी-अकरावीतल्या मुलामुलींनी वाचला तर सगळ्यात चांगलं, कारण पुढच्या पायऱ्यांपैकी एक पायरी अकरावीतच चढावी लागते.

आधी विद्यापीठ समजून घ्या

महाराष्ट्रात नर्सिंगची पदवी देणारं मोठं सरकारी विद्यापीठ म्हणजे नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली ते स्थापन झालं. डॉक्टरकी, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग असं आरोग्यशिक्षण त्याच्या छत्राखाली आहे आणि त्याचं कार्यक्षेत्र सबंध राज्य आहे. नागपुरात त्याचं विभागीय केंद्र आहे. अभिमत विद्यापीठं आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर राज्यातली बीएस्सी नर्सिंगची कॉलेजं याच विद्यापीठाला संलग्न आहेत.

याचा अर्थ घरच्यांनी नीट लक्षात घ्यावा. नागपूरच्या शासकीय नर्सिंग महाविद्यालयात शिकलेली मुलगी आणि एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या खाजगी कॉलेजात शिकलेली मुलगी, दोघींचा अभ्यासक्रम एकच. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत दोघींसमोर पेपर एकच. पदवीवर नावही एकाच विद्यापीठाचं. तेव्हा "आमच्या कॉलेजची डिग्री वेगळी आहे" असं कोणी सांगू लागलं तर त्यात तथ्य नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: प्रवेश कोणत्या वाटेने घेतला, पैसे किती गेले, आणि वॉर्डात प्रत्यक्ष किती शिकायला मिळालं. पुढचा सगळा लेख या तीन गोष्टींभोवतीच आहे.

वर्ध्याजवळ सावंगीला अभिमत विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी पदवी त्यांची स्वतःची असते आणि प्रवेशाची पद्धतही त्यांचीच. शिक्षण चांगलं असू शकतं, पण तिथे राज्याच्या कोणत्या शिष्यवृत्त्या लागू होतात आणि कोणत्या होत नाहीत, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.

पायरी पहिली: कोणतं दार तुमचं, ते ओळखा

पदवीला जाण्याची सरळ वाट म्हणजे बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं, आठ सेमिस्टर. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन झालेली हवी. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत. मुलगेही येऊ शकतात, आणि यावेत. नर्सिंग हे बायकांचं काम, ही समजूत वॉर्डात कधीच मागे पडली आहे.

दुसरं दार पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगचं. आधी जीएनएम झालेल्या आणि परिचर्या परिषदेकडे (परिचारिकांची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणी असलेल्यांसाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शेवटी हाती पदवीच येते. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. तो विद्यापीठाचा नसून राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे येतो, आणि त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण असले म्हणजे झालं.

गावाकडच्या मुलांसाठी या दुसऱ्या दाराचं मोल फार आहे. आश्रमशाळेतून किंवा गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातून कला शाखा घेऊन बारावी झालेल्या मुलींना वाटतं की पदवी आता आपल्या नशिबात नाही. तसं काही नाही. तीन वर्षं जीएनएम, मग नोंदणी, मग हवी तर नोकरी, आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक. सरळ बीएस्सीपेक्षा एक वर्ष जास्त लागतं, पण मधेच कमाई सुरू होऊ शकते. ज्या घरात कापसाच्या एका हंगामावर वर्षाचं सगळं गणित असतं, तिथे ही वाट पुष्कळदा जास्त शहाणपणाची ठरते. विज्ञान शाखेच्या मुलीला बीएस्सीची चांगली जागा मिळाली नाही, तरी हीच वाट उघडी आहे.

एएनएम दोन वर्षांचं आणि फक्त मुलींसाठी. उपकेंद्रातली आरोग्य सेविका या शिक्षणातून तयार होते. ही पदवी नव्हे. मात्र एएनएम झालेल्या नोंदणीकृत मुलीला पुढे जीएनएमला जाता येतं, म्हणजे इथूनही पायऱ्या वर जातातच.

पदवीनंतर एमएस्सी नर्सिंग, दोन वर्षं. त्यासाठी पदवीला ५५ टक्के आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य, मानसोपचार अशा शाखा आहेत. शिक्षिका व्हायचं असेल तर हेच शिक्षण घ्यावं लागतं.

सैन्यदलाच्या बीएस्सी नर्सिंगचा रस्ता वेगळा आहे. तो मुलींसाठी आहे आणि तिथे ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात. एम्स (अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था) या केंद्राच्या संस्थांचीही स्वतंत्र परीक्षा असते. अभ्यासात वरच्या असलेल्या मुलीने हे अर्जही भरून ठेवावेत.

आणि सहा महिन्यांचे, वर्षाचे "नर्सिंग" कोर्स? बसस्टँडसमोरच्या फलकांवर ते दिसतात. ते रुग्णसहायकाचे कोर्स असतात. त्यातून खाजगी दवाखान्यात मदतनिसाचं काम मिळेल, पण परिचर्या परिषदेची नोंदणी मिळणार नाही आणि सरकारी परिचारिकेच्या जाहिरातीत तो कागद धरला जाणार नाही. गावाकडचे सगळ्यात जास्त पैसे या गोंधळातच बुडतात.

पायरी दुसरी: कागद. आणि हे अकरावीतच

गुण असूनही जागा हातची जाते ती बहुतेक कागदांपायी. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

जात प्रमाणपत्र असणं पुरेसं नाही. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला आपण "व्हॅलिडिटी" म्हणतो, आणि ते आठवड्यात मिळत नाही. विज्ञान शाखेत अकरावीला नाव घातलं की कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र घेऊन लगेच अर्ज करावा. अनुसूचित जमाती सोडून बाकीच्यांची प्रकरणं जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे जातात. अनुसूचित जमातीची प्रकरणं पाहणाऱ्या समित्या वेगळ्या आहेत. आपल्या भागात त्या नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणी आहेत.

समिती जुना पुरावा मागते. वडिलांच्या दाखल्यावर भागत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा रहिवास व जातीचा पुरावा उपयोगी पडतो. हा पुरावा सापडतो कुठे? दोन जागा आधी बघा. पहिली, आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर. दुसरी, तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल पंजी, जिच्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असत. गावाचं नाव, अंदाजे साल आणि आजोबा-पणजोबांचं नाव लिहून नकलेचा अर्ज करायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर घाबरून जाऊ नका, चुलत आजोबांची नोंदही चालते, फक्त वंशावळ नीट जुळली पाहिजे. काका-आत्यांपैकी किंवा चुलत भावंडांपैकी कुणाकडे आधीच व्हॅलिडिटी असेल, तर तिची प्रत अर्जाला जोडा. रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी हा फार मोठा आधार आहे.

नावातले फरक आत्ताच दुरुस्त करा. दहावीच्या गुणपत्रिकेवर "Atram" असलेलं आडनाव आधारवर "Aatram" होतं, वडिलांचं नाव कुठे "मारोती" तर कुठे "मारुती" असतं. माणसाला ते सारखंच वाटतं, संगणकाला वाटत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेतलं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या.

बाकीचे दाखले तसे सोपे. अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (त्याआधी पटवाऱ्याचा अहवाल लागतो), इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांसाठी नॉन-क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गातल्या गरजूंसाठी ईडब्ल्यूएस. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, हे विसरू नका. त्यावर लिहिलेलं साल वाचा. मधे वर्ष गेलं असेल तर त्याचं शपथपत्र, आणि शेवटी डॉक्टरचं शारीरिक योग्यतेचं प्रमाणपत्र. सेतू केंद्रात मे-जूनमध्ये रांग लागते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जे काढता येईल ते काढून ठेवा.

तेलंगणा, छत्तीसगड, मध्य प्रदेशच्या सीमेवर राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मुलाची दहावी किंवा बारावी पलीकडच्या राज्यातल्या शाळेतून झाली असेल, तर राज्याच्या कोट्यासाठीची पात्रतेची अट माहितीपुस्तिकेत आधी वाचावी.

पायरी तिसरी: सीईटी

बीएस्सी नर्सिंगला २०२३ पासून राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. त्याआधी ‘नीट’ लागायची, त्यामुळे जुनी माहिती सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका, सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणजे बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच. "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्या घराचं वर्ष इथेच जातं. पोस्ट बेसिक आणि एमएस्सीच्या परीक्षाही सीईटी कक्षच घेतो. जीएनएम-एएनएमच्या प्रवेशाचे नियम मधूनमधून बदलत आले आहेत, म्हणून त्या वर्षीची सूचना पाहूनच पुढे जावं.

पेपर संगणकावर असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड असे पाच भाग, मिळून १०० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बारावीचं पुस्तक नीट वाचलेल्या मुलाला तीन विषय परके वाटत नाहीत. आपली मुलं मागे पडतात ती इंग्रजीत आणि संगणकासमोर. माउसने पर्याय निवडणं, पुढच्या प्रश्नावर जाणं, वेळेकडे लक्ष ठेवणं हे ज्याने कधी केलं नाही त्याची पहिली दहा मिनिटं घाबरण्यातच जातात. ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्रावर किंवा शाळेच्या संगणकावर दोन-तीनदा सराव परीक्षा दिली की ही भीती जाते. महागडा क्लास लावायची गरज मला तरी वाटत नाही.

परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. भामरागड किंवा मेळघाटातून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला यावं. सकाळच्या पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नये.

पायरी चौथी: कॉलेज डोळ्यांनी बघा

पसंतीक्रम भरण्यापूर्वी यादीतली निदान दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. पदवी सगळीकडे सारखी असेल, पण वॉर्ड सारखा नसतो, आणि नर्सिंग वॉर्डातच शिकलं जातं.

आधी घरबसल्या दोन गोष्टी तपासा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत नाव आणि प्रवेशक्षमता आहे का? भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या याद्यांत ते दिसतं का? "मान्यता येणारच आहे" हे उत्तर चालत नाही. एखाद्या कॉलेजला जीएनएमची मान्यता असते, बीएस्सीची नसते. तेव्हा कॉलेजच्या नावापुढे कोणता अभ्यासक्रम लिहिला आहे, तेही बघा.

मग कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास तिथे जा. रविवारी नको आणि संस्थेने बोलावलेल्या दिवशीही नको. ऑफिसात बसण्याआधी त्यांच्या रुग्णालयात चक्कर मारा. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. खाटा मोजून फार काही कळत नाही, खाटांवर माणसं आहेत का ते बघा. चादरी कडक इस्त्रीच्या आणि वॉर्ड सुनसान असेल तर तिथे मुलगी काय शिकणार? सलाईनची बाटली कोण बदलतंय, तक्त्यावर ताप-नाडी कोण लिहितंय, विद्यार्थिनी रुग्णाजवळ उभ्या आहेत की कोपऱ्यात बसून जर्नल पूर्ण करताहेत, हे पाच मिनिटांत दिसतं. प्रसूतीचा वॉर्ड चालू आहे का, की महिन्याकाठी एखादीच बाई येते? जवळच्या जिल्हा रुग्णालयात, स्त्री रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या मुलींची पोस्टिंग लागते का, आणि तिथवर न्यायला गाडी आहे का, हेही विचारा.

नंतर कॉलेजची प्रयोगशाळा. सरावाच्या पुतळ्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसेल तर ते पुतळे तपासणीच्या दिवसापुरते आणलेले आहेत, असं खुशाल समजा. ज्या पुतळ्याच्या दंडावर सुयांची भोकं आहेत, तिथे मुली शिकतात.

सगळ्यात खरी माहिती तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलगी देते. तिला बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि सरळ विचारा: बाळंतपण स्वतः हाताळायला मिळालं का? शिष्यवृत्ती वेळेवर सुटली का? फी व्यतिरिक्त आणखी कशाकशाचे पैसे घेतले? होस्टेलात रात्री वॉर्डन असते का? रात्रपाळी संपल्यावर परत कसं यायचं?

शासकीय कॉलेजात जागा कमी आणि स्पर्धा मोठी, पण वॉर्ड भरलेला असतो आणि फी कमी असते. पसंतीत ते वरच असावं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०१४ नंतर सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने देशभरात १५७ नर्सिंग महाविद्यालयं मंजूर केली. आपल्याकडे चंद्रपूर, गोंदियाची वैद्यकीय महाविद्यालयं २०१४ नंतरचीच आहेत. तेव्हा दरवर्षी यादीत नवं शासकीय नाव आलंय का, हे बघत जा. सेवाग्रामच्या कस्तुरबा नर्सिंग कॉलेजचं नावही आपल्या भागातल्या मुलींच्या यादीत असायला हवं. तिथल्या रुग्णालयात वर्ध्यासह आसपासच्या जिल्ह्यांतले खेड्यातले रुग्ण येतात, म्हणजे जे आजार पुढे आयुष्यभर बघायचे आहेत तेच शिकताना बघायला मिळतात.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. सिकलसेलचा अंगदुखीने तळमळणारा मुलगा, पावसाळ्यात मण्यार चावून आलेला शेतमजूर, चंद्रपूरच्या उन्हात काम करून उष्माघाताने आणलेली बाई, फवारणीचं औषध अंगावर येऊन विषबाधा झालेला माणूस, गडचिरोलीचा मलेरिया, मेळघाटातलं कमी वजनाचं बाळ. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, तेव्हा वॉर्डात खऱ्या अर्थाने उभ्या होत्या त्या परिचारिकाच. यातलं पुष्कळसं पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपतं. हे आजार रोज येतात अशा रुग्णालयात शिकलेल्या मुलीचा हात वेगळाच तयार होतो.

पायरी पाचवी: कॅप फेरी

सीईटीचा निकाल लागला की केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे सगळं झालं असं समजून पुष्कळ मुलं नोंदणीच करत नाहीत. नोंदणी, कागद अपलोड, पडताळणी, गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम.

पसंती भरताना हात आखडू नका. दोनच कॉलेजं लिहून थांबू नका, आणि जिथे प्रत्यक्षात जायचंच नाही असं नावही घालू नका. मनापासून हवं ते वर, मग त्याखालचं. खालचं लिहिलं म्हणून वरचं हुकत नाही. पहिल्या फेरीत मिळालेली जागा पक्की करायची की पुढच्या फेरीत चांगल्याची वाट पाहायची, याचे नियम पुस्तिकेत दिलेले असतात. प्रवेशाला जायच्या आधी ते दोनदा वाचा, कारण एकदा भरलेला पर्याय मागे घेता येत नाही. मोबाईल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. सेवा केंद्रवाल्याचा किंवा एजंटचा नंबर दिला की ओटीपी त्याच्याकडे आणि तुमचा प्रवेशही त्याच्या हातात.

मूळ कागद कोणालाही सहज देऊ नका. कॉलेजात जमा करावे लागले तर यादी करून शिक्क्याची पावती घ्या, आणि सगळ्यांच्या साक्षांकित प्रती घरी ठेवा.

पायरी सहावी: पैसे

इथे एकच गोष्ट घट्ट धरून ठेवा: कॅपमधूनच प्रवेश घ्या. शासनाच्या फी-सवलती आणि शिष्यवृत्त्या कॅपच्या प्रवेशाला लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेवर त्यांचा हक्क राहत नाही. "फॉर्म-बिर्म कशाला, डायरेक्ट ॲडमिशन करून देतो" या एका वाक्याने घरची लाखभराची मदत जाते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजातही, कॅपमधून प्रवेश असेल तर. खाजगी अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिपची, म्हणजे फी-माफीची चौकशी करा. राहण्या-खाण्यासाठी अनुसूचित जातीला स्वाधार, अनुसूचित जमातीला स्वयम, आणि अल्पभूधारक शेतकरी वा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहंही आहेत. पांढरकवडा, धारणी, भामरागड यांसारख्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन तिथली मुदत विचारा.

यातले बरेचसे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का" असं नेमकं विचारा. नुसतं खातं आधारला लिंक असणं आणि डीबीटी सीडिंग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शिष्यवृत्ती अडकते ती बहुधा इथेच.

खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेज सांगतं तो आकडा आणि तिथला आकडा ताडून पाहा. होस्टेल, मेस, गणवेश, बूट, बीपीचं यंत्र, जर्नलं, पोस्टिंगचा प्रवास हा खर्च वेगळा धरा. कर्ज घ्यावं लागलंच तर राष्ट्रीयीकृत बँकेकडे जा. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. सावकार आणि मायक्रो फायनान्सच्या दारात यासाठी जाऊ नये, हे मी कळकळीने सांगते.

पायरी सातवी: चार वर्षं

पहिल्या सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंगचा पाया. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, प्रौढांची परिचर्या, मग बाल, मानसिक, सामुदायिक आरोग्य, प्रसूती, आणि आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप. विषय उत्तीर्ण व्हायला साधारण ५० टक्के लागतात, बारावीसारखे ३५ नव्हेत. थिअरीला ८० टक्के हजेरी हवी आणि पदवी हाती येण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण झालेली हवी. "वर्गात यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारी कॉलेजं, मग ती शेजारच्या राज्यातली का असेनात, तुमच्या मुलीला रुग्णाच्या जिवाशी खेळायला लावताहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचं पहिलं वर्ष जड जातं. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. पहिल्या सहामाहीत एखाद-दुसरा विषय राहिला तर शिक्षण सोडून घरी परत नेऊ नका. उन्हाळी-हिवाळी अशा वर्षातून दोनदा परीक्षा होतात, विषय निघतो. माझ्या पाहण्यात ज्या मुली रोज दहा इंग्रजी संज्ञा वहीत लिहून त्यांपुढे आपल्या भाषेत अर्थ लिहितात, त्या दुसऱ्या वर्षापर्यंत सावरतात. आणि वॉर्डात त्यांचंच पारडं जड असतं. गोंडी, कोरकू, कोलामी बोलणाऱ्या म्हातारीला नेमकं कुठे दुखतंय, हे तिच्या भाषेत विचारणारी तीच असते.

पायरी आठवी: पदवी हाती आल्यावर

पहिलं काम महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. तिच्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. निकालानंतर लगेच अर्ज करा आणि नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी करत राहा. भरतीच्या वेळी मुदत संपलेली नोंदणी निघाली तर अर्जच बाद होतो.

राज्याच्या आरोग्य विभागात आणि वैद्यकीय शिक्षण विभागात अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या जागा निघतात. तिथे जीएनएम आणि बीएस्सी दोघेही पात्र असतात. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. एम्सच्या नॉर्सेट या परिचारिका-भरती परीक्षेत बीएस्सीवाल्याला अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्याला मात्र ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवीचा सरळ फायदा दिसतो तो इथे. गावाजवळच राहायचं असेल तर उपकेंद्र-आरोग्यवर्धिनीतलं समुदाय आरोग्य अधिकारी हे पदही बीएस्सीवाल्यांना खुलं आहे. ते कंत्राटी आहे, हे लक्षात ठेवूनच जावं.

खाजगी रुग्णालयात लागलात तर पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र मागा आणि सोडताना खाटांची संख्या लिहिलेला अनुभवाचा दाखला घ्या. पुढच्या जाहिरातीत तोच कागद मागतात, आणि दोन वर्षांनी परत गेलं तर तो देणारा माणूस तिथे असेलच असं नाही.